फ्रेमीतला ओमुरकुल

खिळे पेटीत आहेत, हातोडी एकच आहे, भांडू नका. एकाने काठी धरायची, दुसऱ्याने तिच्यावर फोटोची फ्रेम ठोकायची. काचेवर बोटं उमटवायची नाहीत. उद्या नऊ मे, महायुद्धातल्या विजयाचा दिवस. सकाळी मिरवणूक निघेल तेव्हा या गावातून लढाईला गेलेला एकेक माणूस काठीवर ताठ उभा दिसला पाहिजे. शाळेच्या या खोलीला म्युझियम म्हणताना तुम्ही नाक मुरडता, ठाऊक आहे मला. पण शरीपा एजे, सगळ्या गावाची थोरली ताई, निम्मं आयुष्य घरोघर फिरली म्हणून हे चेहरे उरलेत. नातवंडं आजोबांची पदकं बाजारात विकायची आणि ही बाई दुकानदाराशी भांडून ती परत आणायची. तिने केलं नसतं तर तुमच्या पणजोबांची नावंसुद्धा मातीत गेली असती. आता गुडघे गेलेत बिचारीचे, म्हणून किल्ली माझ्याकडे...

तिलेक! काय करतोयस?

ठेव. खाली ठेव ती फ्रेम. फोटोत तोंड नाही म्हणून स्वतःचं तोंड काचेत धरून बघतोस होय? आणि तू रे, फोन इकडे आण. काढलास फोटो? पुसून टाक. माझ्यादेखत. हसतोस काय दात काढून? पुसलास? दाखव.

हं.

तिलेक, बशीतला एक बोरसोक घे. आत्ताच तळलेत, गरम आहेत. खा. गिळू नको नुसता, चावून खा. चव लागते का? गोड लागतो? नक्की? मग बस इथे, माझ्या शेजारी. आणि दार लावा कुणीतरी, वारा येतोय.

तुम्ही तेव्हा लहान होतात, म्हणून सांगतो. एरवी मी हे सांगत नाही. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची, जुमाशची. माझ्या फाटकापासून तिसरं फाटक त्याचं. अर्धी मी डोळ्यांनी पाहिलीय. अर्धी त्याने त्याच्या चुलीपाशी बसून मला सांगितली, आणि मरेपर्यंत त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

जुमाशचा बाप ओमुरकुल लढाईवर गेला तेव्हा जुमाश दीड वर्षाचा होता. चार महिन्यांनी छावणीतून एक फोटो आला. फौजी टोपी, फौजी डगला, एवढासा फोटो. लेकराला बापाची ओळख राहावी म्हणून आईने तो पाळण्याच्या डोक्याशी दोऱ्याने बांधला. आणि ती शेण्या आणायला बाहेर गेली तेवढ्यात लेकराने काय करावं? ओढला आणि घातला तोंडात. तिने बोट घालून काढला तेव्हा टोपी शिल्लक होती, खांदे शिल्लक होते. मधलं गेलं होतं.

दुसरा फोटो आलाच नाही. पुढे सरकारी कागद आला, तोही मेल्याचा नव्हे. बेपत्ता, एवढंच.

शाळेत पोरं जुमाशला बापखाऊ म्हणायची. म्हातारपणापर्यंत ते नाव चिकटलं. चहाला बसलो की कुणीतरी म्हणायचंच, "बापखाऊला मांस कमी वाढा रे, त्याचं पोट लहानपणीच भरलंय." तोही हसायचा. पण मला एकदा म्हणाला होता, "मला जमीन नको, पेन्शन नको. मरायच्या आधी एकदा बापाचं तोंड दिसावं. एकदाच. मग मी मोकळा."

आणि त्याच्या आईचं एक वेगळंच. आपल्यात गुरुवारी संध्याकाळी तेलात कणकेचं तळण काढतात, तो वास गेलेल्यांपर्यंत पोहोचतो म्हणून. त्यांना घास मिळत नाही, नुसता वास मिळतो. ती सगळ्यांच्या नावाने तळायची. सासूच्या, सासऱ्याच्या, मेलेल्या दिराच्या. नवऱ्याच्या नावाने कधी तळलं नाही. "तळण मेलेल्यांसाठी असतं," म्हणायची. "माझा नवरा मेला असं कोण म्हणतो? पुढे या." कोण येणार पुढे! म्हातारी गेली, पण जुमाशने तो नेम पाळला. म्हणजे बघा, सत्तर वर्षं त्या माणसाला कुणी हाक मारली नव्हती.

मग दोन हजार पंधरा साल आलं. विजयाला सत्तर वर्षं. जिल्ह्याचे साहेब येणार, टीव्हीवाले येणार, लढाईचं नाटक होणार. शरीपा एजेने सगळ्यांचे चेहरे मोठे करून आणले. एक फ्रेम तेवढी रिकामी. शेवटची. ओमुरकुलची.

जुमाशचा नातू सामात तेव्हा रजेवर आला होता. पोरगा सव्वीस वर्षांचा. आईबाप मॉस्कोत कामाला, हाही तिथेच, पण वाढवला होता जुमाशनेच. म्हाताऱ्याचं सगळं विश्व म्हणजे हे एक पोरगं. भारी गमत्या. रात्री कितीही उशीर होवो, फाटकाशी आला की कुत्र्याला शीळ घालायचा. ती शीळ ऐकली की मी कूस बदलून झोपायचो, पोरगं पोचलं म्हणून.

शरीपा एजे एक दिवस त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "जुमाश, तुझा बाप गेला तेव्हा सव्वीसचाच होता ना?"

"होय. का?"

"मग हाच की तो. रक्त एक, वय एक. बाजारातला फोटोवाला कॉम्प्युटरवर फौजी डगला चढवून देतो. साहेबांसमोर रिकामी फ्रेम बरी दिसते का? आणि तुलाही बघायला मिळेल."

सामात म्हणाला, "एजे, डगला चढवताय तर निदान सार्जंट तरी करा मला. शिपाई म्हणून मी येणार नाही."

हसले सगळे. कुणाला काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

त्या गुरुवारी, सात मेला, दुपारी सामात गाडी घेऊन बाजारात गेला. तळणाचं तेल आणायचं होतं आणि तो फोटो. चारच्या सुमाराला परत आला. फोटो बघून जुमाश मटकन खाली बसला. काचेला गाल लावला. "बाबा," म्हणाला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि रडत होता एखाद्या लेकरासारखा. सामात मागे उभा राहून मला डोळा मारत होता.

संध्याकाळी याच खोलीत सगळे जमलो. बायकांनी अंगणात तळण काढलं. या वेळी पहिल्यांदा ओमुरकुलच्या नावानेही काढलं. शरीपा एजेनेच समजावलं होतं जुमाशला. "आता कसा जिवंत असेल रे? शंभरीचा असता. मोकळा कर त्याला." मुल्ला आला, भिंतीवरच्या फोटोंसमोर बसला आणि एकेक नाव घेऊन वाचायला लागला.

तेवढ्यात बुरुल आजी बोलली. बुरुल आजी म्हणजे ओमुरकुलची धाकटी बहीण. सत्त्याऐंशीची. वरच्या वस्तीवर राहायची, नदीपलीकडे. त्याला पाहिलेलं आख्ख्या मुलखात ते एकच माणूस उरलं होतं. ती काठी टेकत उठली आणि शेवटच्या फ्रेमीपाशी नाक नेलं.

"हा आपला सामात ना?"

"आजी, हा तुमचा ओमुरकुल," शरीपा एजे म्हणाली.

"मला शिकवतेस? ओमुरकुलचा वरचा ओठ घोड्याने लाथ मारून फोडला होता. नाकापर्यंत चीर. शीळ घालायला गेला की नुसती फुस्स हवा जायची. याचा ओठ बघ. हा सामात आहे. जिवंत पोराला कशाला टांगलंय यांच्यात?"

"बसा हो आजी, मुल्ला खोळंबलाय."

"मी बसते गं. पण याच्यावर वाचू नका."

वाचलं. साहेबांच्या कार्यक्रमाच्या कागदावर छापलेलं नाव, गाळणार कसं? मुल्लाने ओमुरकुलचं नाव घेतलं, त्या तोंडाकडे बघून मेलेल्यांसाठी वाचायचं ते वाचलं. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मी बघत होतो. सामातनेही फिरवले. स्वतःच्याच फोटोसमोर बसून, स्वतःच्याच तोंडावरून.

मग बोरसोक वाटले. सामातने एक तोंडात टाकला. थांबला. दुसरा टाकला.

"आजोबा," म्हणाला, "याला चव का नाही?"

"मीठ कमी असेल."

"नाही हो. काहीच लागत नाही. नुसता वास येतोय."

जुमाशचं लक्षच नव्हतं. तो फोटो बघत होता. मी ऐकलं. म्हटलं, सर्दी असेल पोराला.

अकरा वाजून गेल्यावर सामात बुरुल आजीला सोडायला निघाला. रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पूल ओलांडायचा, नदीच्या कडेने वर जायचं, मधे ते पॉप्लरच्या झाडांचं वळण. त्याने आजीला घरी सोडलं, अंथरुणावर बसवलं, पाणी दिलं. आजी नंतर सांगायची, निघताना तिने त्याचा हात धरला होता. म्हणाली, इथेच झोप. तो म्हणाला, "म्हातारा जागा असेल, आजी."

म्हातारा जागाच होता. चुलीवर चहा ठेवून बसला होता. साडेबाराला त्याचा फोन वाजला.

"आजोबा, मी वळणावर आहे. पुढे एक माणूस चाललाय. फौजी डगला, टोपी, सगळा थाट. नऊ तारखेच्या नाटकातला दिसतोय. पिऊन वाट चुकला असेल. घेऊ का गाडीत?"

आता सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात? आपल्यात रात्रीच्या वेळी चालत्या माणसाला रस्त्यात सोडून जातात? जुमाश म्हणाला, "विचारतोस काय? बसव."

फोन चालूच होता. दार उघडल्याचा आवाज आला. दार लागल्याचा आवाज आला.

"या, बसा दादा. कुठे सोडू?"

उत्तर फोनवर ऐकू आलं नाही. मग सामात हसला.

"आजोबा, आपल्याकडेच यायचं म्हणतो. ओमुरकुलचं घर विचारतोय."

जुमाशही हसला. म्हणाला, "नाटक पाठ झालेलं दिसतंय. आण त्याला. चहा तयार आहे."

"टोपी काढा ना दादा. गरम होत असेल..."

"सामात?"

"आजोबा..."

"काय रे?"

"आजोबा, याला... याला तोंडच..."

गाडी बंद पडली. नदीचा आवाज येत राहिला.

जुमाशने हाका मारल्या. पाच, दहा, किती कोण जाणे. फोन तसाच चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि टॉर्च घेऊन अंगणात आला. मला उठवायला यायचं होतं त्याला. फाटकापर्यंत पोचला, आणि थबकला.

बाहेर कुणीतरी उभं होतं.

वळणापासून चालत अर्धा तास लागतो. फोनवरचं बोलणं थांबून दोन मिनिटंही झाली नव्हती.

कुत्रं भुंकलं नाही. मेंढ्यांच्या गोठ्यात घुसलं, पोट जमिनीला घासत.

मग फाटकापलीकडून आवाज आला. कुणीतरी कुत्र्याला शीळ घालायला बघत होतं.

फुस्स...

फुस्स...

जुमाशने टॉर्च मारला.

सामात. सामातचंच तोंड. तेच डोळे, तेच कपाळ. जुमाशचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "अरे, किती घाबरवलंस! हे ओठाला काय झालं? पडलास कुठे?"

वरचा ओठ दुभंगला होता. नाकापर्यंत. रक्त नव्हतं. जुनी, बुजलेली चीर.

तो जुमाशकडे बघत होता. परक्या माणसाकडे बघतात तसं.

"अक्साकाल," म्हणाला, अनोळखी म्हाताऱ्याला मानाने म्हणतात तसं, "माफ करा. फार रात्र झाली. ओमुरकुलचं घर हेच ना?"

जुमाशला सगळं कळलं. पण पळाला नाही.

"हेच," म्हणाला.

"इथे माझी बायको असते. आणि लेकरू. एवढंसं आहे." हाताने दाखवलं त्याने. गुडघ्याच्या खाली. "झोपलंय का?"

"बाबा," जुमाश म्हणाला. "मीच तो."

तो हसला. हवा गेली ओठातून. "थट्टा करता होय, अक्साकाल? मी लेकराबद्दल विचारतोय."

"मीच जुमाश, बाबा."

त्याने मान हलवली. पार कंटाळल्यासारखी. आणि वळला.

आता नीट ऐका. जुमाशने हे मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा इथेच थांबला.

तो वळला तेव्हा जुमाशने काय म्हणावं? माझं पोर कुठाय, असं विचारायचं ना? ते तोंड माझ्या नातवाचं आहे, ठेवून जा, असं ओरडायचं ना? नाही. जुमाश म्हणाला, "थांबा बाबा. उजेडात या. नीट बघू द्या मला."

तो थांबला. उजेडात आला. जुमाशने टॉर्च वर धरला. कपाळ बघितलं. भुवया बघितल्या. ती चीर बघितली. सत्तर वर्षांची भूक होती त्याची.

आणि खिशातून आवाज यायला लागला.

"आजोबा..."

बारीक. दूरवरून.

"आजोबा, तुम्ही आहात ना? मला दिसत नाहीये... हात लावतोय तर काही... आजोबा, माझं..."

जुमाशने ऐकलं. "पहिल्या हाकेलाच ऐकलं मी," मला म्हणाला. "बहिरा नव्हतो झालो. पण वाटलं, अजून एक क्षण. नजर काढली तर परत दिसणार नाही. अजून एकच क्षण."

"आजोबा..."

त्याने फोन कानाला लावला तेव्हा नुसती नदी वाहत होती. मान वर केली. फाटकापाशी कुणी नव्हतं.

मला उठवलं त्याने. आम्ही ट्रॅक्टर काढला. गाडी वळणावरच उभी होती, रस्त्याच्या कडेला, नीट लावलेली. खरचटलंसुद्धा नव्हतं. सामात स्टिअरिंगमागे बसला होता, फोन हातात. थंड झाला होता.

पोलिसांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. लिहू दे. प्रेताला आंघोळ घालायला मी होतो. मी तुम्हाला काय सांगू? अंगावर कुठे ओरखडा नाही. तोंड होतं, डोळे होते, नाक होतं, सगळं जागच्या जागी. पण ते कुणाचंच नव्हतं. बघून मान वळवली की आठवायचं नाही. परत बघावं, तरी ओळख पटेना. जन्मापासून पाहिलेलं पोर. त्याची आई मॉस्कोहून विमानाने आली. चादर वर केली तर म्हणाली, "हा माझा नाही. माझा मुलगा दाखवा." आम्ही तिला पायावरची भाजल्याची जुनी खूण दाखवली. तेव्हा ती कोसळली. पण शेवटपर्यंत चेहऱ्याकडे बोट करून म्हणत होती, "हा कोण आहे? हा कोण आहे?"

नऊ मेची मिरवणूक झाली. साहेब आले, भाषण केलं, गरम लापशी खाल्ली. शेवटची फ्रेम कुणी उचलली नाही.

पुरून आल्यावर जुमाशने पेटी उघडली, आईची. तळाशी फडक्यात तो चावलेला फोटो होता. सत्तर वर्षांत कातड्यासारखा कडक झालेला, मी स्वतः पाहिला होता पूर्वी. त्या दिवशी फडकं ओलं होतं. फोटो ओला होता, नेमका मधे, चावलेल्या जागी. कोमट. लेकराच्या तोंडातून नुकता काढावा तसा.

जुमाशने तो शरीपा एजेला दिला. म्हणाला, "सामातचा फोटो काढा आणि हा लावा. मी, बापखाऊने, खाल्लेलं तोंड. गावाला दिसू दे." तिने चुलीपाशी वाळवला, इस्त्री फिरवली, काचेमागे बसवला. एवढी शिकलेली बाई, पण त्यानंतर तिने कुणाच्या तोंडाला फौजी डगला चढवला नाही. जुमाश आणखी तीन वर्षं जगला. रोज रात्री फाटक उघडं ठेवायचा. कोणासाठी, विचारायची माझी छाती झाली नाही. बाप परत यावा असं त्याला वाटत होतं, की नातू? त्यालाही सांगता आलं नसतं, असं मला वाटतं.

तर ही ती फ्रेम. इतकी वर्षं कोरडी आहे. दर वर्षी मीच पुसतो, म्हणून माहीत. तिच्यात कुणी तोंड घालून बघितलं नव्हतं, आजवर.

दे इकडे, तिलेक. काठीला मी ठोकतो.

अरे, काच बघ कशी झालीय. श्वास सोडलास होय हिच्यावर? पूस. बाहीने नको, ते फडकं घे.

पुसलीस? मग धुरकट का दिसतेय?

परत पूस. जोर लावून. मधे, तिथे, टोपीच्या खाली.

ओघळ येतोय तो पूस ना.

...

आण. मला बघू दे.

...

राहू दे, तिलेक. बाहेरून पुसून जायची नाही. ओल आतून आहे.